मरणारे दोघे की मागे उरलेला एक? फ्रेंच साहित्यातलं प्रेम आणि मरण

शेवंती (धागाकर्ती)

फ्रेंच साहित्यात प्रेम आणि मरण हातात हात घालून चालतात, हे आता इतकं घासून गुळगुळीत झालेलं विधान आहे की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. मला ते अर्धंच पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा धागा.

नेहमीची गोष्ट बाराव्या शतकापासून सांगतात. त्रिस्तां आपल्या मामासाठी, राजा मार्कसाठी, आयर्लंडहून इझोल्दला घेऊन येतो. जहाजावर दोघं चुकून प्रेमाचं पेय पितात आणि संपलं सगळं. तोमा नावाच्या कवीने सांगितलेला शेवट असा: विषारी जखमेने अंथरुणाला खिळलेला त्रिस्तां इझोल्दला निरोप धाडतो. ती जहाजात असेल तर पांढरं शीड लावायचं, नसेल तर काळं. शीड पांढरंच असतं, पण त्याची बायको (तिचंही नाव इझोल्दच!) मत्सरापोटी सांगते, काळं आहे. तो मरतो. खरी इझोल्द किनाऱ्यावर उतरते, त्याच्याशेजारी आडवी होते आणि मरते.

१९३९ साली दनी द रूजमाँ या स्विस लेखकाने या कथेवरून एक मोठा सिद्धान्त मांडला. त्याचं म्हणणं, या दोघांना एकमेकांची ओढ नाहीच, ओढ आहे ती प्रेमात पडण्याची. त्यांना अडथळा हवा असतो. अरण्यात दोघंच असताना, अडवायला कोणी नसतानाही ते मधे उघडी तलवार ठेवून झोपतात. आणि सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे मरण, तेव्हा आतून त्यांना तेच हवं असतं. सुखी प्रेमाची गोष्ट होत नाही, हे या पुस्तकाचं सूत्र. रासीनच्या नाटकातली फेद्र असो की फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’तली एमा, सगळ्यांना याच दाव्याला बांधता येतं.

आता माझं म्हणणं. बांधता येतं खरं, पण पुस्तकं पुन्हा नीट वाचली की लक्षात येतं, बऱ्याच ठिकाणी एकच जण मरतो. दुसरा उरतो. आणि लेखकाचा जीव त्या उरलेल्यात असतो.

‘मादाम बोव्हारी’ घ्या (१८५६ साली मासिकात क्रमशः, १८५७ साली पुस्तक). एमाने विष घेतलं, हे ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनाही माहीत असतं. पण कादंबरी तिथे थांबत नाही. शार्ल, तिचा मठ्ठ, ढोल, जेवताना आवाज करणारा नवरा, फर्मान काढतो की तिला लग्नाच्या पोशाखात, पांढरे बूट घालून पुरायचं. शवपेट्या तीन हव्यात, ओकची, महोगनीची आणि शिशाची. वरून हिरवं मखमल. खर्चाची आठवण करून देणाऱ्या माणसावर हा शांत गृहस्थ खेकसतो. पुढे तर तो तिच्यासारखाच होत जातो. चकाकते बूट घेतो, मिशांना सुगंधी मेण लावतो, तिच्यासारख्याच हुंड्यांवर सह्या करतो. फ्लोबेर म्हणतो, ती थडग्यापलीकडून त्याला बिघडवत होती. मग त्याला तिच्या प्रियकरांची पत्रं सापडतात. बाजारात त्यातला एक, रोदोल्फ, समोर येतो. दोघं बिअर प्यायला बसतात आणि शार्ल म्हणतो, माझा तुमच्यावर राग नाही, दोष नशिबाचा. रोदोल्फला हे जरा हास्यास्पदच वाटतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी जेवायला बोलवायला येते, तर बाबा बाकावर बसलेले, हातात काळ्या केसांची लांब बट. तिला वाटतं गंमत करताहेत. ती त्याला ढकलते आणि तो खाली पडतो. डॉक्टर शवचिकित्सा करतात, काहीही सापडत नाही.

प्रेमाने मेलेलं माणूस या कादंबरीत कोण असेल तर तो शार्ल. एमा मेली ती वेगळ्याच कारणाने. आणि रूजमाँच्या चौकटीत शार्ल कुठेच बसत नाही. त्याला ना अडथळा हवा होता ना उत्कटता. त्याला रोज संध्याकाळी घरी बायको हवी होती.

व्हिक्टर ह्यूगोची ‘उद्या पहाटे’ अशी सुरू होणारी बारा ओळींची कविता फ्रान्समधल्या शाळकरी पोरांना पाठ असते. मी निघेन, तू वाट पाहते आहेस मला ठाऊक आहे, रानातून येईन, डोंगरावरून येईन. वाटतं प्रेयसीला लिहिलंय. शेवटी तो थडग्यावर हिरव्या हॉलीची आणि फुललेल्या हेदरची जुडी ठेवतो. ती त्याची मुलगी, लेओपोल्दीन. ४ सप्टेंबर १८४३ रोजी व्हिलकिए इथे सेन नदीत होडी उलटून ती बुडाली. वय १९, लग्नाला सात महिने. नवऱ्याने वाचवायला उडी घेतली, तोही गेला. ह्यूगो तेव्हा ज्यूलिएत द्रूए या आपल्या प्रेयसीबरोबर प्रवासात होता, आणि त्याला बातमी कळली ती रोशफोरच्या एका कॅफेत, वर्तमानपत्र उघडल्यावर. १८५६च्या त्याच्या संग्रहाचे दोनच भाग आहेत, ‘पूर्वी’ आणि ‘आज’. मधली रेघ १८४३ची. एका पानावर फक्त ती तारीख आणि खाली टिंबांची ओळ.

तर प्रश्न असा: फ्रेंच साहित्याचा खरा विषय प्रेमासाठी मरणं आहे, की प्रेमाचं माणूस मेल्यावर जगणं? मी दुसऱ्या बाजूला. या, भांडा.

बोरूबहाद्दर

वाचतोय. शेवटच्या कवितेचं माहीत नव्हतं.

एक शंका. ही मंडळी कधी नुसती लग्न करून, पोरंबाळं होऊन, सुखाने म्हातारी होत नाहीत का? का त्यावर तिकडे बंदी आहे?

काळी_मांजर

@बोरूबहाद्दर, होतात की, पण मग त्यांच्यावर प्रहसनं लिहितात.

तुमच्यासाठी खास नमुना. तेराव्या शतकातली कूसीच्या सरदाराची कथा. धर्मयुद्धाहून परतताना तो मरतो, मरताना सांगतो की माझं काळीज काढून प्रेयसीला नेऊन द्या. ते लागतं तिच्या नवऱ्याच्या हाती. तो स्वयंपाक्याकडून ते रांधून घेतो आणि बायकोला वाढतो. तिला चव आवडते. मग तो सांगतो काय खाल्लंस ते. ती म्हणते, इतकं उंची अन्न पोटात गेल्यावर आता दुसरं काही खाणार नाही, आणि मरते. घ्या. सुखाने म्हातारे व्हा.

नाडीपरीक्षा

उत्तम धागा. पेशाने डॉक्टर असल्यामुळे मी ही पुस्तकं जरा वाकड्या नजरेने वाचतो. माझा प्रश्न नेहमी हाच असतो की हे पात्र नेमकं कशाने मेलं.

त्रिस्तांच्या शेजारी झोपून मेलेल्या इझोल्दला निदान नाही. त्या काळात चालायचं. ‘कॅमेलियावाली बाई’ (धाकटा द्यूमा, १८४८) मधली मार्गरीत क्षयाने मरते आणि ज्या मारी द्युप्लेसीवरून ती बेतली, तीही क्षयानेच गेली, ३ फेब्रुवारी १८४७ला, वयाच्या २३व्या वर्षी. पण एकोणिसाव्या शतकाने क्षयाला फार सजवलं. पांढरी कांती, चमकते डोळे, गालावर लाली. जणू रोग म्हणजे शृंगारच. क्षयाचा शेवटचा टप्पा पाहिलेल्या कोणालाही हे वाचून हसू येत नाही, चीड येते. अर्थात धाकट्या द्यूमाला एका गोष्टीचं श्रेय देतो. त्याच्या कादंबरीत तिचा प्रियकर आर्माँ तिचं प्रेत उकरून दुसऱ्या जागी पुरण्याची परवानगी काढतो आणि पेटी उघडल्यावर आत जे दिसतं ते लेखकाने लपवलेलं नाही. याच कथेवरच्या व्हेर्दीच्या ऑपेरात ते गाळलं गेलं. साहजिक आहे, त्यावर गाणार काय?

फ्लोबेर या सगळ्यांच्या उलट. बाप रूआँच्या इस्पितळात मुख्य शल्यविशारद, पोराचं बालपण त्याच आवारात गेलं. एमाचा मृत्यू पानंच्या पानं चालतो. शाईसारखी चव, उलट्या, आक्रसणारे हातपाय, आणि मेल्यावर डोकं उचलताना तोंडातून ओघळणारा काळा द्रव. ते लिहिताना आपल्या तोंडात खरोखर आर्सेनिकची चव आली आणि खाल्लेलं उलटून पडलं, असं त्याने पुढे तेन या समीक्षकाला पत्रात कळवलं होतं. प्रेमासाठी मरणं सुंदर असतं ही समजूत एमाने पुस्तकांतून उचललेली, आणि तिच्या लेखकाने तिला मरताना त्यातलं काही मिळू दिलं नाही.

त्यामुळे शेवंतीताई, तुमच्या दोन बाजूंत मी तिसरी घालतो: प्रेमाच्या मरणावरून रेशमी चादर ओढून काढणारे. झोलाची ‘तेरेझ राकँ’ (१८६७) याच रांगेतली. नवऱ्याला नदीत बुडवून मारलेले दोघं लग्न करतात आणि रोज रात्री ते ओलं प्रेत त्यांच्यामधे झोपायला येतं. तलवारीच्या जागी प्रेत.

उधारीचं_खातं

डॉक्टरसाहेब, निदान अपुरं आहे. एमा मेली आठ हजार फ्रँकने.

गंमत नाही करत. लरो नावाचा कापडवाला तिला उधारीवर पडदे, गालिचे, झगे देत जातो, हुंड्या फिरवत जातो आणि एक दिवस कोर्टाचा हुकूम येतो, चोवीस तासांत आठ हजार भरा नाहीतर जप्ती. ती वकिलाकडे जाते, दुसऱ्या प्रियकराकडे, लेओंकडे जाते, शेवटी जुन्या प्रियकराकडे, रोदोल्फकडे तीन हजार मागते. तो म्हणतो, माझ्याकडे नाहीत. त्यानंतरच ते विष. प्रेमभंगाने ती आधी आजारी पडली होती, मेली नव्हती. मेली ती कर्जाने.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. ‘कॅमेलियावाली बाई’ सुरू कुठून होते? लिलावापासून. मार्गरीत मेली आहे, देणेकऱ्यांनी घर उघडलंय, पॅरिसच्या प्रतिष्ठित बायका एका बदनाम बाईची न्हाणीघरातली चांदीची भांडी बघायला आल्या आहेत. निवेदक तिथे शंभर फ्रँकला एक पुस्तक घेतो. कोणतं? ‘मानों लेस्को’. म्हणजे १७३१ सालची मेलेली नायिका १८४८ सालच्या मेलेल्या नायिकेच्या कपाटातून निघते. आणि मानों तरी का मेली? तिला गरिबी सोसवत नव्हती, श्रीमंत गिऱ्हाइकांना लुबाडताना सापडली, शिक्षा म्हणून बायकांच्या गाडीत घालून लुइझियानाला पाठवली. तिचा प्रियकर दे ग्रिय तिच्यामागून गेला. अमेरिकेच्या ओसाड माळावर तिने प्राण सोडला. त्याने तलवार मोडून तिने माती खणायचा प्रयत्न केला, जमेना, मग हातांनी खड्डा केला.

आणि कळस म्हणजे बोरिस व्हियाँची १९४७ची कादंबरी, ‘दिवसांचा फेस’. क्लोएच्या फुप्फुसात पाणकमळ उगवतं. इलाज काय, तर तिच्याभोवती सतत ताजी फुलं ठेवायची. कोलँ हा लक्षाधीश तरुण फुलांपायी कफल्लक होतो, आयुष्यात पहिल्यांदा नोकऱ्या धरतो. एक नोकरी अशी की लोकांच्या घरी जाऊन उद्याची वाईट बातमी आज सांगायची. एके दिवशी यादीत त्याला स्वतःचं नाव दिसतं. पैसे उरले नाहीत म्हणून अंत्यविधी गरिबांचा. पेटी जिन्यावरून नेत नाहीत, खिडकीतून खाली फेकतात. विनोदी पुस्तक म्हणून हातात घेतलं होतं मी ते.

बोरूबहाद्दर

आठ हजारवाला प्रतिसाद भारी. आमच्या पतपेढीत ही कादंबरी वाटायला हवी.

पांपलमूस

नमस्कार. मी मॉरिशसची. आमचे पूर्वज गिरमिटिये म्हणून कोकणातून इथे आले. घरात क्रिओल, शाळेत फ्रेंच, मराठी वर्गात शिकलेले. लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

‘पॉल आणि व्हिर्जिनी’चं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. १७८८. बेर्नार्दँ द सँ-पिएर हा इथे राहून गेला होता, तेव्हा बेटाचं नाव इल द फ्रांस. दोन मुलं या बेटावर भावंडांसारखी वाढतात, प्रेमात पडतात. व्हिर्जिनीला श्रीमंत आत्येआजीकडे फ्रान्सला पाठवतात. परतताना किनारा दिसत असताना वादळात जहाज फुटतं. एक खलाशी तिला म्हणतो, कपडे उतरव, पोहून जाऊ. ती नकार देते, एक हात कपड्यांवर, एक हात काळजावर, आणि लाट येते. सँ-जेराँ हे जहाज खरंच १७४४ साली इथे फुटलं. त्याची घंटा माहेबूरच्या संग्रहालयात आहे. क्युरपीपला दोघांचा पुतळा आहे, पॉल तिला ओढ्यापलीकडे नेतो आहे असा. कथेतल्या माणसांना इथे थडगीसुद्धा दाखवतात! लोक फोटो काढतात.

शेवंती, तुमच्या मुद्द्याला हे पुस्तक उलट जातं. इथे मागे कोणी उरत नाही. पॉल दोन महिन्यांत जातो, मग त्याची आई, मग तिची आई. सगळी गोष्ट सांगणारा एक म्हातारा शेजारी तेवढा राहतो.

पण मला टोचतं ते दुसरंच. त्या घरात दोमँग आणि मारी असे दोन गुलाम आहेत. त्यांनीच या मुलांना वाढवलेलं. मालकिणी गेल्यावर ती दोघंही फार दिवस जगली नाहीत, असं लेखक एका वाक्यात उरकतो. कुत्र्याच्या मरणालाही जवळपास तेवढीच जागा आहे. कोणाच्या दुःखाने कोण मेलं, कोणाच्या प्रेमाला कादंबरी मिळाली, हे मला इथे राहून विसरता येत नाही. आमच्या पणज्या याच बेटावरच्या उसात राबल्या, गुलामी बंद झाल्यावर रिकाम्या झालेल्या जागी.

काळी_मांजर

@पांपलमूस, चुका कुठे आहेत? आणि ते एका वाक्यात उरकणं वाचून मी पुस्तक काढून बघितलं. तसंच आहे.

आता शेवंतीशी भांडते. मागे उरलेला, मागे उरलेला असं तू कौतुकाने म्हणतेस, पण जरा मोज. मानों मेली, दे ग्रिय सांगतो. मार्गरीत मेली, आर्माँ सांगतो. शातोब्रियाँची अताला मेली, शाक्तास सांगतो. बाई मरते, पुरुष रडतो आणि त्याच्या रडण्याला आपण साहित्य म्हणतो. ती जिवंत असती तर त्याच्या व्याकरणात फिट बसली नसती. बोदलेरने तर कहर केला. रस्त्याकडेला सडलेलं जनावर पाहून सोबतच्या प्रेयसीला सांगतो, लाडके, तूही अशीच होणार, पण घाबरू नकोस, तुझा आकार आणि तुझं सत्त्व माझ्याकडे जपलेलं राहील. आभारी आहोत!

याचा सूड कोणी घेतला असेल तर मोपासांने, आणि तोही नकळत. ‘मेलेली’ ही त्याची १८८७ची कथा. प्रेयसी वारली म्हणून एक माणूस रात्री तिच्या थडग्यापाशी दडून बसतो. मध्यरात्री सगळी कबरस्थानातली प्रेतं उठतात आणि आपापल्या दगडावरचे खोटे मजकूर खोडून खरं लिहायला लागतात. सज्जन बाप, पतिव्रता, प्रामाणिक व्यापारी, सगळ्यांची खरी कुंडली. तो धावत तिच्या थडग्याकडे जातो. त्यावर त्याने कोरून घेतलं होतं: ‘तिने प्रेम केलं, तिच्यावर प्रेम झालं, आणि ती मेली.’ आता तिथे लिहिलेलं असतं: एके दिवशी प्रियकराला फसवायला बाहेर पडली, पावसात गारठली आणि मेली.

एकदा तरी तिच्या हातात लेखणी आली.

शेवंती

@काळी_मांजर, मुद्दा मान्य, पण त्यावरून माझं म्हणणं मोडत नाही, फक्त यादी बदलते. मागे उरलेल्या बायकाही आहेत आणि त्या जास्त कठीण आहेत.

पहिली १६७८ची. ‘क्लेव्हची राजकुमारी’, लेखिका मादाम द लाफायेत, पुस्तकावर नाव नव्हतं. राजकुमारी नमूरच्या ड्यूकवर भाळते. काहीही ‘घडायच्या’ आधी ती नवऱ्यालाच सांगते की मला दरबारापासून दूर ठेवा, माझं मन दुसरीकडे जातंय. (‘मर्क्यूर गालां’ या नियतकालिकाने तेव्हा वाचकांना विचारलं होतं, बायकोने असं सांगावं का? म्हणजे धागे काढून भांडायची खोड जुनी आहे.) नवरा संशयाने झुरून मरतो. आता ती मोकळी, ड्यूक मोकळा, आड काही नाही. आणि ती नाही म्हणते. कारण ऐका: तुमची निष्ठा टिकली ती अडथळ्यांमुळे, लग्नानंतर ती टिकेल याची मला खात्री नाही. रूजमाँला जे सांगायला एक जाडजूड ग्रंथ लागला, ते ही बाई अडीचशे वर्षं आधी प्रियकराच्या तोंडावर सांगते, आणि सांगून स्वतः त्या खेळातून उठून जाते. तिचं वैधव्य आणि तिची शांतता, दोन्ही तिची. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझींनी सरकारी नोकरीच्या परीक्षेत हे पुस्तक कशाला हवं म्हणून टिंगल केली, तर २००९ साली लोकांनी चौकात उभं राहून त्याची जाहीर वाचनं केली.

दुसरी लेखिका मार्गरीत द्युरासची, ‘हिरोशिमा, माझं प्रेम’ या १९५९च्या चित्रपटातली. नव्हेर गावातल्या या पोरीचा प्रियकर, एक जर्मन सैनिक, गाव जर्मनांच्या ताब्यातून मुक्त होतानाच गोळी लागून मरतो. गावकरी तिचं मुंडण करतात, घरचे तळघरात कोंडतात. चौदा वर्षांनी हिरोशिमात ती हे एका जपानी माणसाला सांगते आणि सांगताना तिला धसका बसतो तो वेगळाच: मी त्याला विसरत चालले आहे. मेलं नाही जाता आलं, आणि आता आठवणीतही धरून ठेवता येत नाही.

हाच धसका प्रूस्तकडे सगळ्यात लांबवर गेला आहे. त्याच्या कादंबरीतल्या निवेदकाची प्रेयसी आल्बेर्तीन पळून जाते, मागोमाग तार येते की घोड्यावरून पडून गेली. आणि तारेनंतर तिची पत्रं येतात, मला परत घ्या म्हणून. शेकडो पानं तो तिचा मत्सर करत राहतो, मेलेल्या बाईच्या मागे हेर लावतो. मग व्हेनिसमध्ये दुसरी तार येते, त्याला वाटतं आल्बेर्तीन जिवंत आहे. आणि आनंद होत नाही. काहीच होत नाही. ती तार तिची नव्हतीच, सही वाचायला चुकलेली. पण मेली ती त्या क्षणी. याच्यामागे प्रूस्तचा स्वतःचा घाव आहे. आल्फ्रेद आगोस्तिनेल्ली, आधी त्याचा मोटारचालक, मग सचिव, विमान शिकायला पळाला आणि ३० मे १९१४ला आंतीबजवळ समुद्रात कोसळला. विमानशाळेत त्याने नाव नोंदवलं होतं: मार्सेल स्वान. मार्सेल हे प्रूस्तचं नाव, स्वान हे त्याच्या कादंबरीतलं पात्र.

नाडीपरीक्षा

प्रूस्तमधला आजीचा प्रसंग विसरलात. आजी जाऊन वर्षाहून जास्त झालेलं, निवेदक बालबेकच्या हॉटेलात थकून बूट काढायला वाकतो आणि त्याच क्षणी त्याला कळतं की ती कायमची गेली. अंत्यविधीच्या दिवशी कळलं नव्हतं. शोकाचं असं उशिरा येणं मी रुग्णांच्या घरच्यांत पुष्कळदा पाहिलंय. जवळचं माणूस गेल्यावर न रडलेला मुलगा काही महिन्यांनी भलत्याच किरकोळ गोष्टीवर कोसळतो. प्रूस्तइतकं नेमकं वर्णन मला वैद्यकाच्या पुस्तकात मिळालेलं नाही.

निवांत_वाचक

उशिरा आलो. शेवंती, तुमच्या बाजूने एक आणि विरुद्ध एक, असं टाकतो.

बाजूने समीक्षक रोलाँ बार्थ. १९७७च्या वसंतात त्याचं प्रेमिकाच्या बोलण्याच्या तुकड्यांवरचं पुस्तक आलं आणि भरपूर खपलं. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला आई गेली. ज्या आईबरोबर तो जन्मभर राहिला ती. दुसऱ्या दिवसापासून कागदाचे चार तुकडे करून त्यावर तो नोंदी करायला लागला. त्या छापल्या गेल्या थेट २००९ साली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर एकच माणूस तीच भाषा बोलताना ऐकू येतो: वाट पाहणं, खोलीतली रिकामी जागा, इतरांचं नेहमीसारखं जगणं सहन न होणं. फोटोंवरच्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात आईच्या लहानपणीच्या एका फोटोवर पानंच्या पानं आहेत, आणि तो फोटो पुस्तकात नाही. तुमच्यासाठी तो कोणातरी मुलीचा फोटो असेल, म्हणून दाखवणार नाही म्हणतो.

विरुद्ध बाजूला आंद्रे गोर्झ. राजकीय विचारवंत, मूळचा व्हिएन्नाचा. २००६ साली त्याने बायकोला, दोरीनला, पुस्तकभर पत्र लिहिलं, ‘डी.ला पत्र’. सुरुवातच अशी की तू ब्याऐंशीची होशील, सहा सेंटिमीटरने खुजी झालीस, वजन पंचेचाळीस किलो, आणि अजून सुंदर आहेस. अठ्ठावन्न वर्षं एकत्र राहिल्यावर लिहिलेलं. बोरूबहाद्दर, हे घ्या तुमचे सुखाने म्हातारे झालेले! पण पत्राच्या शेवटी तो म्हणतो, आपल्यापैकी कोणालाच दुसऱ्यामागे उरायला नको आहे. सप्टेंबर २००७ मध्ये दोघांनी एकत्र जीवन संपवलं. म्हणजे तुमचा ‘मागे उरलेला’ त्यांनी ठरवून नाकारला. त्रिस्तां-इझोल्दच झालं की हे.

नाडीपरीक्षा

नाही हो. तसं म्हणू नका. दोरीनला पाठीच्या एका तपासणीसाठी टोचलेल्या द्रव्यामुळे कायमचं दुखणं जडलं होतं, दशकानुदशकं वेदना. गोर्झने आधुनिक वैद्यकावर जी टीका केली तिचं मूळ तिथे आहे. ऐंशीच्या पुढची, आजारी, दमलेली दोन माणसं. त्यात शीड पांढरं की काळं असलं काही नाही. अशा शेवटाला प्रेमाची परिसीमा वगैरे म्हणायला लागलो की आपण एमाच्या पुस्तकांकडे परत जातो. पत्र सुंदर आहे, ते पत्रासाठी वाचा.

शेवंती

डॉक्टरांशी सहमत. त्या पत्रात मला शेवटापेक्षा मधला भाग मोठा वाटतो, जिथे तो कबूल करतो की माझ्या पहिल्या पुस्तकात मी तुला केविलवाणी रंगवली आणि ती लबाडी होती. जिवंतपणी बायकोची लेखी माफी मागणारा नवरा या संपूर्ण धाग्यात हा एकच.

‘निवांत’, बार्थबरोबर कवी एल्युआरही ठेवा. पत्नी न्यूश २८ नोव्हेंबर १९४६ला अचानक गेली. त्याने कवितेत ती तारीखच ओळ म्हणून लिहिली आणि पुढे म्हटलं, आपण एकत्र म्हातारे होणार नाही, हा घ्या जास्तीचा दिवस. संग्रह टोपणनावाने काढला. पण पाच वर्षांनी, १९५१ साली, त्याने दोमिनिकशी लग्न केलं आणि नव्या प्रेमाचा संग्रह लिहिला, नाव ‘फिनिक्स’. दोन्ही कविता खऱ्या आहेत. त्रिस्तांला हे करता येत नाही, कारण त्याला लेखकाने दुसऱ्या दिवशी उठूच दिलं नाही.

काळी_मांजर

आणि लेखिका आनी एर्नो (नोबेल २०२२)! कर्करोगाचे उपचार चालू असताना ती मार्क मारी नावाच्या माणसाच्या प्रेमात होती. रात्रीनंतर खोलीत पडलेल्या कपड्यांचे दोघं फोटो काढत आणि त्यावर वेगवेगळं लिहीत. २००५ साली पुस्तक आलं. फोटोत माणूस एकही नाही. इथे जिच्यावर मरणाची छाया आहे तीच लिहिते आहे, आणि पुस्तक छापून आल्यावर मजेत पुढची पुस्तकं लिहिते आहे. शेवंती, तुझ्या यादीत हिला वर घे.

बोरूबहाद्दर

प्रतिसाद वाचून दोन गोष्टी झाल्या. एक, कापडवाल्याची उधारी आजच चुकती केली. दोन, वाचावंसं वाटायला लागलंय. फ्रेंच येत नाही. कुठून सुरू करू? हजार पानी काही सांगू नका.

शेवंती

मोपासांची ‘मेलेली’. इंग्रजी अनुवाद जालावर फुकट मिळतो, चहा गार व्हायच्या आत संपते. आवडली तर ‘मानों लेस्को’, दोन रविवार पुरतात. मग ‘मादाम बोव्हारी’, पण एमा गेल्यावर पुस्तक मिटू नका, पुढची तीन प्रकरणं शार्लची आहेत. प्रूस्तला तूर्त हात लावू नका.

उधारीचं_खातं

आणि वाचताना शेजारी कागद ठेवून लरोची बिलं मांडत जा. कोणत्या पानावर ती बुडाली ते मला कळवा. माझ्या हिशेबात पहिली हुंडी.